परळच्या काचपट्टीवर

रहिमतपूरहून मुंबईला जायचं तर पूर्वी गाडी बदलावी लागे. पुण्यापर्यंत मीटरगेज, तिथून पुढे मोठ्या रुळांवरची गाडी. काखेत वळकटी आणि फडक्यात चटणी-भाकरी बांधून सातारा-कराडकडची हजारो माणसं याच वाटेनं गिरणगावात उतरली. परळ-लालबागच्या चाळींत एकेका गावाचा गाळा असे. दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागी अंग टाकी. या माणसांनी विणलेल्या कापडाचा हिशेब गिरण्यांच्या वह्यांत सापडतो. याच वस्तीच्या आसपास विसाव्या शतकात आणखी एक काम चाललं होतं, त्याची आठवण मात्र फारशी निघत नाही. माणसाच्या रक्ताबद्दल आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत जे छापलं जातं, त्यातली दोन महत्त्वाची पानं परळमध्ये लिहिली गेली. एक 1930 च्या सुमारास, दुसरं 1952 साली.

परळचा तो टापू पायी फिरून अर्ध्या तासात पालथा घालता येतो. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये 1899 पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. 1925 साली तिला हाफकिन संस्था हे नाव मिळालं. 1926 साली केईएम रुग्णालय सुरू झालं, त्याला जोडून सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय. शेजारी वाडियांचं प्रसूतिगृह, मग त्यांचंच मुलांचं रुग्णालय. 1941 साली टाटा मेमोरियल. आणि या सगळ्यांना वेढून गिरण्यांची धुराडी.

1928 सालच्या अखेरीला चाळिशीची एक इंग्रज डॉक्टर या टापूत कामाला आली. तिचं नाव ल्युसी विल्स. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात तिनं आधी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलं होतं, डॉक्टरकीकडे ती उशिरा वळली. मुंबई तेव्हा नुकतीच एका मोठ्या संपातून बाहेर पडत होती. एप्रिल ते ऑक्टोबर 1928, जवळजवळ सहा महिने गिरण्या बंद होत्या. घरातली भांडी सावकाराकडे गेली होती. विल्सबाई मात्र संपासाठी नव्हे, बाळंतिणींसाठी आल्या होत्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर या हिंदुस्थानात अनेक वर्षं काढलेल्या डॉक्टर बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. पोटुशी बाई पाचव्या-सहाव्या महिन्यापासून पांढरीफटक पडत जाते, पायांवर सूज येते, जिना चढताना धाप लागते आणि बाळंतपणाच्या आगेमागे ती दगावते, असं मुंबईत वारंवार घडत होतं. हे का होतं, ते शोधायचं होतं. त्यासाठी हाफकिननं जागा दिली.

'अंगात रक्त नाही' हे मराठीतलं बोलणं शब्दशः खरं नाही, तरी अगदी चूकही नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असतं. पंडुरोगात ते बहुधा तेवढंच राहतं, आटतं ते त्यातलं सामान. रक्त काचेच्या नळीत घेऊन गोठू न देता उभं ठेवलं की तासाभरात त्याचे थर दिसू लागतात. वर पिवळसर पाणी, म्हणजे प्लाझ्मा, निम्म्याहून थोडं जास्त. तळाशी तांबड्या पेशींचा गाळ. दोहोंच्या मध्ये पांढुरकी बारीक रेघ. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्या रेघेत मावतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटर थेंबात, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान थेंबात, 45 ते 50 लाख तांबड्या पेशी असतात. पांढऱ्या चार ते अकरा हजार. प्लेटलेट दीड ते साडेचार लाख.

तांबडी पेशी ही अजब वस्तू आहे. तिला केंद्रक नसतं. हाडांच्या पोकळीतल्या मज्जेत ती तयार होत असताना केंद्रक असतं. बाहेर पडायच्या आधी ती ते टाकून देते आणि मोकळी झालेली जागा हिमोग्लोबिनला देते. केंद्रक नाही म्हणून तिला स्वतःची डागडुजी करता येत नाही, दुसरी पेशी जन्माला घालता येत नाही. सुमारे 120 दिवस ती फुप्फुसातून प्राणवायू उचलून बोटांच्या टोकांपर्यंत पोचवते. मग थकते, आणि पानथरीत व यकृतात तिची मोडतोड होऊन तिच्यातलं लोखंड पुन्हा कामाला लागतं. अशा पेशी अंगात 25 लाख कोटींच्या घरात आहेत, तेव्हा मज्जेला दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवाव्या लागतात. शरीरातला हा सगळ्यात मोठा कारखाना. त्याला सुट्टी नाही आणि संपही परवडत नाही.

विल्सबाईंनी रुग्ण बायकांच्या रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरले, रंगवले आणि भिंगाखाली पाहिले. पेशी कमी होत्या, हे अपेक्षितच होतं. पण ज्या होत्या त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. लोखंड कमी पडलं तर पेशी लहान आणि फिकट निघतात. इथे उलटा प्रकार होता. म्हणजे कारखान्यात कच्चा माल होता, अडलं होतं ते दुसरीकडेच.

अशा मोठ्या पेशींचा एक पंडुरोग युरोप-अमेरिकेत माहीत होता. पर्निशस अ‍ॅनिमिया हे त्याचं नाव, आणि 1926 पर्यंत तो म्हणजे मृत्यूच. त्या साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवलं की रोग्याला रोज भरपूर कलेजी खाऊ घातली तर तो बरा होतो. पण त्या रोगात पोटातलं आम्ल नाहीसं होतं, पुढेपुढे मज्जातंतू बिघडतात. मुंबईच्या बायकांत तसं काही दिसत नव्हतं. विल्सबाईंनी हा रोग वेगळा धरला, आणि त्याचं मूळ रक्ताऐवजी ताटात शोधायला त्या निघाल्या. प्रयोगशाळेतल्या संशोधकानं असं उठून घरोघरच्या चुलीशी जाणं त्या काळात विरळाच. डॉ. तळपदे या मराठी आडनावाच्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी मुंबईच्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती 1930 साली छापून आली. भाजीपाला, फळं, दूध, मटण या सगळ्यांचाच तुटवडा असलेलं ताट आणि मोठ्या पेशींचा पंडुरोग यांची जोडी तिच्यात दिसत होती. गोषात राहणाऱ्या गरीब मुसलमान बायकांची स्थिती सर्वांत वाईट होती.

मग उंदीर आले. असंच निकस अन्न देऊन उंदरिणींना पंडुरोग होतो का, हे पाहिलं. झाला. यीस्टनं तो टळतही होता. पण पुढे शंका आली की उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा जंतूच यामागे असावा, आणि तो पुरावा डळमळला. निलगिरीतल्या कुन्नूरला जाऊन, मुंबईला परतून विल्सबाईंनी काम चालूच ठेवलं. बिलिमोरिया या सहकाऱ्याबरोबर माकडांवर प्रयोग केले. मुंबईच्या गरीब बाईच्या ताटासारखं अन्न खाऊन माकडांच्या रक्तातही त्याच मोठ्या पेशी दिसल्या. अ आणि क जीवनसत्त्वांनी काही साधलं नाही. साधलं ते यीस्टच्या अर्कानं. इंग्लंडात दारूच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टपासून मार्माइट नावाचं एक काळपट, खारट चाटण बनतं, पावाला लावून खातात. कलेजीच्या अर्कापेक्षा ते कितीतरी स्वस्त होतं.

ते बायकांना दिलं गेलं.

औषध लागू पडलं की नाही, हे ओळखायची एक सुंदर खूण रक्तातच आहे. मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशीत जाळीसारखं काही दिवसभर उरलेलं असतं, विशेष रंग दिला की ते दिसतं. एरवी अशा पेशी शंभरात एखाद-दोन. थांबलेली मज्जा पुन्हा चालू झाली की काही दिवसांत त्यांची संख्या उसळी घेते. रोगिणीला बरं वाटू लागायच्या आत काचपट्टीवर ते दिसतं. मार्माइट घेतलेल्या बायकांत ही उसळी दिसली. 1931 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्सबाईंचा निबंध आला, आणि यीस्टमधल्या त्या अज्ञात द्रव्याला 'विल्स फॅक्टर' असं नाव पडलं.

ते द्रव्य काय, हे कळायला आणखी दहा-चौदा वर्षं गेली. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या ढीगभर पानांतून एक आम्ल वेगळं काढण्यात आलं. पानांतलं म्हणून फोलिक आम्ल. 1945 साली लेडर्ली कंपनीत भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूनं ते प्रयोगशाळेत बनवलं. विल्स फॅक्टर तोच. पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि त्या कामात फोलिक आम्ल लागतं. ते नसेल तर मज्जेतली पेशी फुगत राहते, हिमोग्लोबिन भरत राहते, पण दुभंगत नाही. मागावर सूत चढलेलं आहे, धोटाच नाही, अशी गत. म्हणून पेशी मोठ्या आणि थोड्या. पोटुशी बाई तर एकाच वेळी दोन जिवांच्या पेशी घडवत असते, म्हणून टंचाईचा फटका पहिला तिलाच.

याच धाग्याचं दुसरं टोक पांढऱ्या पेशींना जाऊन मिळालं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. रक्ताच्या कर्करोगात त्या अर्धवट वाढलेल्या अवस्थेत बेसुमार वाढत जातात. पेशी दुभंगायला फोलिक आम्ल लागतं, तर ते तोडून या वेड्या वाढीला लगाम घालता येईल, असा उलटा विचार बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी केला. सुब्बारावांच्या चमूनं बनवलेलं फोलिकविरोधी औषध त्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं आणि 1948 साली निष्कर्ष छापले. रोग काही काळ मागे हटला होता. याआधी कुठल्याही औषधानं ते घडलेलं नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आज टाटा मेमोरियलच्या बालविभागात रोजच्या वापरात आहे. हाफकिनपासून ती इमारत चालत काही मिनिटांवर आहे. मुंबईतल्या भुकेल्या बायकांच्या रक्तातून निघालेली वाट बॉस्टनला वळसा घालून परळलाच परत आली, हे लिहिताना अंगावर काटा येतो.

दुसरं पान केईएममधलं.

त्या संस्थेचा जन्मच एका अटीतून झाला. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयाला देणगी देताना सांगितलं की इथले अध्यापक हिंदी असतील, सरकारी नोकरीतले गोरे डॉक्टर नसतील. पहिले अधिष्ठाता डॉ. जीवराज मेहता. पॅथॉलॉजीत डॉ. वसंत खानोलकर यांच्यासारखा माणूस होता. हिंदुस्थानी डॉक्टर रोगी तपासू शकतो, संशोधन मात्र साहेबाचं, अशी समजूत असलेल्या काळात या विभागात सूक्ष्मदर्शकावर मन लावून बसणारी पिढी तयार झाली. डॉ. वाय. एम. भेंडे त्याच परंपरेतले. त्यांचे सहकारी डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया.

प्रकरण सुरू झालं ते जखमांपासून. एकाला रेल्वेचा अपघात झालेला, दुसऱ्याला कुणीतरी भोसकलेलं. जखमेवर शरीराचा पहिला इलाज प्लेटलेटचा. या बारीक चकत्या फाटलेल्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी एकमेकींना चिकटून बूच बसवतात, मग प्लाझ्मातल्या तंतूंचं जाळं त्यावर चढतं आणि खपली धरते. पण मोठी वाहिनी तुटली की हे बूच वाहून जातं. तिथे बाहेरून रक्त देण्याला पर्याय नाही.

रक्त देण्याआधी ते जुळवून पाहतात. कार्ल लँडस्टायनर यांनी व्हिएन्नात 1901 साली दाखवून दिलं होतं की माणसामाणसाचं रक्त सारखं नसतं. एकाच्या सीरममध्ये दुसऱ्याच्या तांबड्या पेशी घातल्या तर कधी त्यांच्या गुठळ्या होतात, कधी होत नाहीत. त्यातून ए, बी, ओ आणि पुढे एबी हे गट निघाले. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सॅलोनिका इथे हिर्शफेल्ड पती-पत्नींनी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे गट तपासले, तेव्हा इंग्रजांत ए जास्त आणि हिंदी सैनिकांत बी जास्त असं आढळलं. ओ गटाच्या पेशींवर ना ए ना बी. म्हणून अडीअडचणीला त्या कुणालाही चालतात, असा पक्का नियम झाला होता.

केईएममधल्या या दोन रुग्णांचं रक्त तपासलं, तर पेशी ओ गटासारख्या दिसत होत्या. ए-विरोधी सीरममध्ये गुठळी नाही, बी-विरोधी सीरममध्ये नाही. मग ओ गटाचं रक्त आणलं आणि जुळवून पाहिलं. गुठळ्या झाल्या. दुसरी बाटली, गुठळ्या. ए, बी, एबी, सगळ्यांबरोबर गुठळ्या. नियमाप्रमाणे जे रक्त जगातल्या कुणालाही चालायला हवं, तेच या दोघांना विषासारखं होतं. दात्यामागून दाता तपासला जात होता आणि नळीच्या तळाशी तेच तांबडे दाणे दिसत होते.

अशा वेळी नमुना बिघडला, नळी नीट धुतली नव्हती, असं म्हणून विषय मिटवणं सोपं असतं. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मिटवला नाही. त्यांनी नमुने लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटला पाठवले. तिथे रॉबर्ट रेस आणि रूथ सँगर रक्तगटांचे जगातले सर्वांत मोठे जाणकार समजले जात. वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स रक्तगटांचं रसायन उकलत होते. सात जणांच्या नावांनिशी 'लॅन्सेट'मध्ये मे 1952 मध्ये दोन पानी टिपण प्रसिद्ध झालं. पहिलं नाव भेंडे यांचं.

त्या टिपणात काय होतं, ते घरातल्या खुंटीवरून समजून घेता येईल. तांबड्या पेशीच्या भिंतीवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या बाहेर डोकावत असतात, एकेका पेशीवर लाखोंनी. साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसली की खुंटी तयार होते; तिला एच म्हणतात. या खुंटीवर एक विशिष्ट साखर टांगली की झाला ए गट: समजा, फेटा. दुसरी टांगली की बी: समजा, टोपी. दोन्ही असले तर एबी. काहीच टांगलं नाही, नुसती खुंटी राहिली, तर ओ. लँडस्टायनरपासून सगळे फेटे आणि टोप्या मोजत होते. खुंटी प्रत्येकाच्या भिंतीत असणारच, हे इतकं गृहीत होतं की तिच्याकडे कुणी पाहतच नव्हतं.

मुंबईच्या त्या माणसांच्या भिंतीत खुंटीच नव्हती. आणि जे स्वतःच्या अंगात नाही ते परकं, या न्यायानं त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिपिंडं तयार होती. ओ गटाच्या पेशींवर तर नुसत्या खुंट्याच खुंट्या. म्हणून ओ रक्त त्यांना सर्वांत घातक.

पुढचा पुरावा अमेरिकेतून आला. फिलिप लेव्हिन यांच्यासमोर इटालियन वंशाची एक बाई होती. तपासणीत ती ओ दिसे. नवरा ए, मुलगी मात्र एबी. मुलीला बी कुठून आलं? बापाकडे नाही, म्हणजे आईकडूनच. आईकडे टोपी होती, टांगायला खुंटी नव्हती. मुलीला बापाकडून खुंटी मिळाली आणि टोपी दिसली. 1955 साली लेव्हिन यांनी हे कोडं उकललं आणि या प्रकाराला 'बॉम्बे' असं नाव दिलं. शहराचं नाव पुढे मुंबई झालं. वैद्यकाच्या पुस्तकांत ते अजून बॉम्बेच आहे.

लॅन्सेटच्या टिपणावर सात नावं आहेत. ज्यांच्या शिरेतून ते रक्त आलं, त्यांचं एकही नाही. वैद्यकीय नीतीनं ते बरोबरच आहे. तरीही रेल्वेखाली सापडलेला कुणीतरी, अंगावर वार झालेला कुणीतरी, आणि विल्सबाईंच्या काचपट्ट्यांवरल्या त्या बायका नसत्या तर यातलं काहीच हाती आलं नसतं. लेखकांच्या नावांइतकंच हे ठळक सांगितलं जायला हवं.

1957 साली परळलाच रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं. आजची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था ती हीच, अजून केईएमच्या आवारात. भाटिया यांनी या रक्तगटाचा पाठपुरावा पुढे अनेक वर्षं केला. 1962 साली भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी दुर्मीळ रक्तगट आणि नात्यातली लग्नं यांचा संबंध मांडला. आणि इथे गोष्ट परत घाटावर येते.

खुंटी बनवणारं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. एक चांगली असली तरी खुंटी बनते. दोन्ही बिघडलेल्या असल्या तरच बॉम्बे गट. बिघडलेली एक प्रत घेऊन माणूस जन्मभर वावरतो, त्याला त्याचा पत्ता नसतो. भाटिया आणि साठे यांच्या 1974 च्या नोंदीप्रमाणे मुंबईत हा गट सुमारे 7,600 माणसांत एकाचा. युरोपात दहा लाखांत एखादा. मुंबईच्या प्रमाणावरून ढोबळ हिशेब केला तर साधारण 44 माणसांत एकाकडे बिघडलेली प्रत येते. रहिमतपूरच्या एखाद्या लग्नात चारशे पानं उठली, तर त्यातल्या नऊ जणांच्या अंगात ती असायची. नऊच्या नऊ धडधाकट.

नात्याबाहेर लग्न झालं तर दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याचा योग विरळा. पण सातारा-सांगली-कोल्हापूरकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानायची रीत जुनी. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात ती तपशिलानं नोंदवली. आतेभावानं मामेबहीण करावी, उलट दिशेनं मात्र मुलगी देऊ नये, हा मराठी मुलखातला बारकावाही त्यांनी टिपला. त्या नवरा-नवरीचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच. एकाच आजोबाची बिघडलेली प्रत दोन्ही वाटांनी खाली येऊन नातवंडांच्या लेकरात भेटू शकते. त्याच ढोबळ हिशेबानं अशा जोडप्याच्या मुलात बॉम्बे गटाची शक्यता सुमारे सहा पटींनी वाढते. एकदा देशभरातल्या नोंदलेल्या 179 बॉम्बे गटाच्या व्यक्ती जमेस धरल्या, तेव्हा त्यातल्या 112 महाराष्ट्रातल्या होत्या. इथे शोध आधी लागला, तपासणी जास्त झाली, हे त्याचं एक कारण. नात्यातल्या लग्नांकडेही मात्र डोळेझाक करता येत नाही.

जनुकातली चूक किती बारीक आहे, ते 1997 च्या सुमारास कळलं. त्या जनुकाच्या लिपीतलं 725 वं अक्षर बदललेलं. टी च्या जागी जी. त्याच्या शेजारचं, लाळेत खुंट्या बनवणारं दुसरं जनुक तर समूळ गळालेलं. दोन्ही बिघाड जोडीनं वारशात येतात. हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांच्या वंशजांतही हीच जोडी सापडली. एका अक्षराचा हा बिघाड गलबतांतून समुद्रापार गेला होता आणि त्याचा माग रक्तातूनच लागला.

विल्सबाई 1964 साली वारल्या. त्यांचं मार्माइट आता गोळी होऊन गावोगाव पोचलं आहे. 1970 पासून सरकारी कार्यक्रमातून लोह आणि फोलिक आम्ल एकत्र देतात. पोटुशी बाईसाठी लाल गोळी, रोज एक, किमान 180 दिवस. शाळेतल्या किशोरवयीन मुलींना निळी, आठवड्यातून एक. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून कितीतरी जणी ती पदराला बांधून ठेवतात आणि आशाताई पुन्हा दारात येते. पालक, शेपू, हरभऱ्याचा पाला, मोडाची मटकी यांतही फोलिक आम्ल भरपूर असतं; पण भाजी खूप वेळ शिजवून वरचं पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंचसं पाण्याबरोबर जातं.

बॉम्बे गटाचा माणूस आजही पुष्कळदा ओ म्हणूनच वावरतो. घाईच्या तपासणीत फक्त पेशी पाहिल्या तर फरक कळत नाही. त्याचं सीरम ओ गटाच्या पेशींशी भिडवून पाहावं लागतं, तेव्हा गुठळी दिसते. मे 2024 मध्ये इंदूरच्या एका रुग्णालयात अशीच एक तरुण बाई होती. आधी दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या वेळी तिला ओ पॉझिटिव्ह रक्त चढवलं गेलं होतं आणि तिचं हिमोग्लोबिन घसरत चाराच्या आसपास आलं होतं. समाजमाध्यमांवरच्या रक्तदात्यांच्या गटात निरोप फिरला. शिर्डीच्या एका फुलांच्या व्यापाऱ्याचा गट बॉम्बे होता. त्यानं मित्राची गाडी घेतली आणि चारशेहून अधिक किलोमीटर उन्हातून इंदूर गाठलं. त्याच्या पेशींवरही खुंटी नव्हती, तिच्याही नव्हती. जुळवणीच्या नळीत गुठळी झाली नाही. पिशवी भरली, आणि तो शिर्डीला परतला. पुढचं रक्त त्याला तीन महिन्यांनी देता येणार होतं.